युजर एजंट बदलून जाहिरातींचा पाठलाग थांबत नाही

जाहिराती पाठलाग करतात, तर मित्राने सुचवलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून युजर एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून प्रत्येक साइटला पाठवतो ती ओळ, बदलू का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या अडचणीवर तो उपाय नाही. दिंडोरीच्या बागेसाठी ठिबकचे दर तुम्ही गंगापूर रोडवरच्या ऑफिसात लॅपटॉपवर बघितले आणि रात्री घरी मोबाइलवरही त्याच जाहिराती दिसू लागल्या, असं लिहिलंय. लॅपटॉप आणि मोबाइल यांचे युजर एजंट मुळातच वेगळे असतात. तरीही जाहिरात पोचली, कारण तुम्हीच सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे एकच गुगल खातं लॉग-इन आहे. खातं आणि कुकीज (तुम्हाला ओळखायला साइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) हाच इथला खरा धागा. ती एक ओळ बदलून तो तुटणार नाही.

दुसरं, मित्राने सुचवलेलं एक्स्टेन्शन टाकलं तर तुम्ही जास्तच उठून दिसाल. युजर एजंटमध्ये मुख्यतः ब्राउझर, त्याची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम असतं. बाकीची माहिती वेबसाइट जावास्क्रिप्टने, म्हणजे पानासोबत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, काढते: स्क्रीनचा आकार, टाइमझोन, फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड, कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या जागेवर) अक्षरं कशी उमटतात ते. तुम्ही म्हणायचं ‘मी आयफोन’, आणि स्क्रीन १३६६ बाय ७६८, टचचा पत्ता नाही, ग्राफिक्स इंटेलचं! एमएच १५ ची पाटी काढून ट्रकची पाटी लावलेली मारुती नाक्यावर आधी अडवतात, तसंच हे. २०१० साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले होते. त्यातले जवळपास ८४ टक्के एकमेवाद्वितीय निघाले, म्हणजे त्यांच्यासारखा दुसरा ब्राउझर त्यात नव्हता. त्यातच स्वतःला आयफोन म्हणवणारे, पण फ्लॅश प्लगइन (पूर्वी व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशनसाठी लागायचं ते) असलेले ब्राउझरही सापडले. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही, त्यामुळे सोंग तिथल्या तिथे उघडं पडलं.

क्रोमने २०२२-२३ मध्ये ही ओळ स्वतःच छाटली. अँड्रॉइड फोनचं मॉडेल आता त्यात येत नाही, तिथे नुसतं ‘के’ असतं. साइटला तपशील हवा असेल तर ती क्लायंट हिंट्समधून वेगळा मागते. युजर एजंट बदलणारी साधी एक्स्टेन्शन्स जुनी ओळ बदलतात आणि हिंट्समध्ये खरी माहिती तशीच जाऊ देतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. असं एक्स्टेन्शन टाकताना ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मागतं. त्याच लॅपटॉपवर तुमचं नेटबँकिंग आहे, निर्यातीची कागदपत्रं आहेत. जाहिराती टाळण्यासाठी एवढी किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देऊ नका, कळकळीने सांगतो.

तुमच्या ब्राउझरच्या भाषांमध्ये मराठी सगळ्यात वर असेल तर तेही साइटला कळतं, आणि अशी सेटिंग ठेवणारे कमी असल्याने ओळख थोडी सोपी होते. म्हणून मराठी काढा असं मात्र मी कधीच सांगणार नाही. जाहिरातींपुरता विचार केला तर त्याने काही बिघडत नाही.

खरंच ओळख लपवायची असेल, म्हणजे बातमीदार किंवा तक्रारदाराला लागते तशी, तर टॉर ब्राउझर वापरा. तो सगळ्यांना शक्य तितकं एकसारखं दाखवतो. त्यात वरून एक्स्टेन्शन टाकलंत की तो एकसारखेपणा गेला.

तुम्हाला एवढं नको. दर बघायला फायरफॉक्स ठेवा आणि त्यात गुगलला लॉग-इन करू नका. २०२२ पासून तो प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो. सोबत यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. परवानगी तेही मोठीच मागतं, पण त्याचा कोड सगळ्यांसमोर खुला आहे आणि वर्षानुवर्षं तपासला जातोय. गुगल खात्याच्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये पर्सनलाइज्ड जाहिराती बंद करा. मोबाइल अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये गुगल, मग जाहिराती इथे जाऊन जाहिरात आयडी (जाहिरातदार तुमचा फोन ओळखायला वापरतात तो क्रमांक) डिलीट करा. जाहिराती दिसतीलच, पण ठिबकच्या असतीलच असं नाही.