पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा पुरता मिटत नाही

प्रश्न : मी अमळनेरची, वय ५२. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांखालच्या पिशव्या शस्त्रक्रियेने काढून घेतल्या. उजवी खालची पापणी आता खाली ओढलेली दिसते, डोळ्यातून पाणी येते, जळजळ होते आणि झोपेत तो डोळा किंचित उघडा राहतो, असे घरचे सांगतात. सर्जन थांबायला सांगतात. जाऊबाई म्हणतात, लगेच दुसरीकडे करून घ्या. काय करावे?

उत्तर : ताई, सर्जनांचा सल्ला रास्त आहे, पण तो अपुरा आहे. कातडी गरजेपेक्षा जास्त काढली गेली, पापणीला बाहेरच्या कोपऱ्यात धरून ठेवणारा बंध सैल असला किंवा आतल्या थरांतला व्रण आवळत गेला, तर पापणी खाली येते. व्रण मऊ पडायला सहा महिने ते वर्ष लागते, म्हणून दुरुस्तीची शस्त्रक्रिया सहसा सहा महिन्यांच्या आत करत नाहीत. जाऊबाईंची कळकळ समजते. परंतु कारण न ठरवता केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेने कातडी आणखी कमी पडू शकते.

तोवर डोळा मात्र जपायलाच हवा. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो, त्याने कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, इजा होऊ शकते, आणि तुमच्या डोळ्यातून वाहणारे पाणीही बहुधा त्या कोरडेपणामुळेच येत असावे. खानदेशातल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपणे तुम्हाला परवडणारे नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री डोळ्यात घालायचे मलम डॉक्टरांना विचारून सुरू करा. मसाज किंवा पट्टी त्यांनी शिकवल्याखेरीज करू नका. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून कॉर्निया तपासून घ्या. तिथे जखम आढळली, तर सहा महिन्यांचा हिशेब बाजूला ठेवावा लागेल. वेदना वाढल्या, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढे दुरुस्ती करावी लागली, तर बंध सैल असल्यास कोपरा आवळून बसवतात. आतला व्रण आवळला असल्यास तो सोडवून, गरज पडल्यास तोंडातल्या टाळूच्या अस्तराचा तुकडा आधाराला लावतात. कातडीच कमी असल्यास वरच्या पापणीची किंवा कानामागची कातडी बसवतात. या शेवटच्या उपायात रंगाचा थोडा फरक राहू शकतो, हे आधीच मान्य करून पुढे जावे. हे काम ऑक्युलोप्लास्टिक सर्जनचे, म्हणजे पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाचे आहे. जवळपास न मिळाल्यास नाशिक किंवा पुणे गाठावे. जाताना शस्त्रक्रियेची टिपणे आणि आधीचे फोटो सोबत न्या, कारण दोन्ही पापण्यांत मुळातच फरक होता का, हे त्या फोटोंवरूनच कळेल.