कोल्हापुरात जुनी जागा घेऊन, दुरुस्त करून भाड्याने द्यायची असेल तर काय अडचणी येतात?

तुम्ही लिहिलंय की थोडे पैसे हातात आहेत, बाकीचं लोन काढणार, आणि दोन जागा बघून ठेवल्यात, एक शाहूपुरीत जुन्या अपार्टमेंटमधला तिसऱ्या मजल्यावरचा टूबीएचके आणि दुसरं शिवाजी पेठेतलं जुनं घर. हे सगळं पहिल्यांदाच करताय. मी नोकरी सांभाळून दोन जुने फ्लॅट असेच घेऊन, दुरुस्त करून भाड्याने दिलेत, त्या अनुभवावरनं सांगते. दोन्ही माझ्या नावावर घेतले कारण घर बाईच्या नावावर असलं की स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत मिळते, घरात विचारून बघा.

नवीन माणूस टाईल्स, ट्रॉली, रंग यातच अडकतो. कोल्हापुरात पहिल्यांदा पाण्याचं विचारायचं. पुराचं, गळतीचं, ड्रेनेजचं आणि नळाचं. बाकीचं सगळं पैसे टाकून निस्तरता येतंय.

शाहूपुरी म्हटल्यावर मी आधी विचारणार की कुठली गल्ली. कुंभार गल्लीचा भाग आणि वरची शाहूपुरी यात फार फरक आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये नि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 50 फुटांच्याही पुढे गेलेलं. एजंट म्हणणार तिसऱ्या मजल्यावर कुठलं पाणी येतंय हो. येत नाही, पण मीटरचा बोर्ड खाली, मोटर खाली, जमिनीतली टाकी खाली. लाईट नाही, पाणी नाही, भाडेकरू पोरंबाळं घेऊन पाहुण्यांकडे जाणार आणि त्या महिन्याचं भाडं मागायला तुमचंच तोंड होणार नाही. जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे का लाल पूररेषेच्या, हे नगररचना विभागात विचारता येतं (निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणारा). पण त्याआधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन फक्त विचारा, काका, पाणी कुठपर्यंत आलतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवतोय. आणि एक, 2019 ला शहराला पाणी देणारे शिंगणापूर आणि बालिंग्याचे पंप पुरात गेले तेव्हा जिथं पुराचा थेंब नव्हता तिथंपण नळाला पाणी नव्हतं, लोक टँकरमागं पळत होते. आता काळम्मावाडी धरणातनं थेट पाईपलाईन आलीय, तरी गल्लीत पाणी किती वाजता येतंय नि किती प्रेशरनं येतंय हे शेजारच्या बाईला विचाराच.

दुसरं म्हणजे जागा बघायची तर जुलैत बघा. सगळे दिवाळीनंतर घर बघत फिरतात, तेव्हा सगळं कोरडंठाक नि छान असतंय. पावसाळ्यात जा, टेरेसवर जा, कोब्याला (गच्चीवरच्या सिमेंटच्या थराला) भेगा आहेत का बघा, पाण्याला उतार आहे का का डबकी साचलीत बघा. घरात बाथरूमच्या मागच्या बाजूला जी खोली असेल तिच्या भिंतीला खालच्या दोन फुटांत तळहात लावून बघा. सगळं घर जुन्या रंगात आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली किंवा मधेच भिंतीला उगाच कपाट टेकवलेलं दिसलं तर ते सरकवायला सांगा, लाजायचं नाही. मागं लोणा (ओलीमुळं येणारा क्षार) लागून गिलाव्याचे पोपडे पडलेले असतात. ओनर लगेच म्हणतो, रंगाचं काम आहे हो, होऊन जाईल. रंगाचं काम नसतंय ते.

माझ्या एका फ्लॅटमध्ये बाथरूमची फरशी काढल्यावर मिस्त्रीनं भिंतीतली जुनी जीआय (लोखंडी) पाईप कापून तुकडा हातात दिला, बाहेरनं चांगली दिसत होती आणि आतनं गंजून करंगळीसुद्धा जाणार नाही एवढंच भोक राहिलेलं. म्हणून पंचवीस-तीस वर्षांच्या फ्लॅटमध्ये पाणी आणि ड्रेनेजच्या लाईनी बदलायच्याच, हे धरूनच ओनरशी भावाचं बोला. वायरिंगचंपण तेच, अर्थिंग नसतंय धड, आणि भाडेकरू आल्या आल्या गीझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन सगळं एकाच वेळी लावतोय. नवीन टाईल्स बसवायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा, एक-दोन दिवस तसंच ठेवा, मग खालच्या मजल्यावरच्यांच्या दारात जाऊन छत दाखवा म्हणा. मिस्त्री कंटाळा करणार, म्हणणार ताई गरज नाही, मी गॅरंटी देतो. तोंडी गॅरंटी पुढच्या पावसाळ्यात फोन उचलत नाही. (मिस्त्री मला ताई म्हणायचा आणि पैशाचा हिशोब मात्र आमच्या ह्यांना सांगायचा, ज्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. असो.)

कामाचं टायमिंग. दसरा-दिवाळीनंतर सुरू करून पाऊस लागायच्या आत संपवायचं. मिस्त्री देईल ती तारीख मनातल्या मनात दीडपट करा. गवंडी, बिगारी बरेचसे आसपासच्या गावातले, चैत्रात जोतिबाची यात्रा, मग कुणाच्या गावची म्हाई (गावजत्रा), मे मध्ये लग्नं, जूनमध्ये पेरणी, आणि तिथनं माणूस परत येईपर्यंत तुमचे हप्ते चालूच. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही, आपणच त्या हिशोबानं चालायचं. तोडफोड आणि लाईनींचं काम रोजावर द्या, कारण आत काय निघेल कुणालाच माहीत नसतंय, उक्तं (सगळ्या कामाचे मिळून ठरवून पैसे) दिलं तर झाकायची घाई होते. टाईल्स नि रंग उक्तं द्या. ॲडव्हान्स कमी, काम होईल तसे पैसे, आणि शेवटचा हप्ता सगळे नळ एका वेळी सोडून बघितल्याशिवाय द्यायचा नाही. बजेट काढाल त्याच्यावर पाव हिस्सा बाजूला ठेवा, तो लागतोयच. मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा किडा डोक्यात असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, महापालिकेची परवानगी लागतेय का तेपण विचारा.

भाड्याच्या घरात महागाची ट्रॉली अजिबात करू नका. कडप्प्याचे कप्पे करा, वर चांगला ओटा, भिंतीला चार फूट टाईल्स. पैसे नळात, फ्लश टँकमध्ये आणि दारांच्या कुलपात घाला कारण रात्री फोन येतो तो यासाठीच येतोय.

आता हिशोब, कारण इथंच नव्या माणसाचा भ्रम असतोय. उदाहरणासाठी धरा जागा, ड्युटी आणि दुरुस्ती मिळून 35 लाख लागले आणि भाडं आलं 10 हजार. वर्षात एक महिना रिकामा धरा, म्हणजे 1 लाख 10 हजार. घरफाळा, मेंटेनन्स, किरकोळ दुरुस्ती काढली की अडीच टक्क्यांच्या आसपास उरतंय. आणि 25 लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 21,700. म्हणजे भाड्यातनं हप्ता फिटेल हे डोक्यातनं काढा, खर्च धरून महिन्याला चौदा हजारांच्या आसपास खिशातनं जाणार आणि ते पगारातनं झेपत असतील तरच पुढं. इन्कम टॅक्समध्ये भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, म्हणून दुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत, घरफाळा मात्र भरलेला वजा होतो.

भाडेकरूचं थोडक्यात. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागतंय असं सगळे सांगतील, ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नं करार लेखी आणि रजिस्टर लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. ऑनलाईन होतंय, महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन 1000 रुपये, ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, वर एजंटची फी. मुदत संपून माणूस हलला नाही तर हाच कागद कामाला येतो. पोलिसांत माहिती द्या, घराचा व्हिडिओ काढून भाडेकरूलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, मीटरच्या रीडिंगचा फोटोपण. राजेंद्रनगर, सायबर चौकाकडे विद्यापीठामुळे पोरांना जागा पटकन जाते पण तिथं बाथरूम दरवर्षी बघावं लागतंय. फॅमिली टिकते, भाडं थोडं कमी देते. मी फॅमिलीच घेते, रविवारी झोपायला मिळतंय.

राहिलं पेठेतलं घर. जागा मोक्याची, मला मोह कळतो. पण प्रॉपर्टी कार्डावर किती वारस आहेत, सगळे सही करणार का, त्यातली एखादी बहीण लग्न होऊन बेळगावला असेल तर तीपण येणार का, शेजाऱ्याबरोबर भिंत सामाईक आहे का, आत कुणी जुना भाडेकरू बसलाय का, हे वकिलाकडनं क्लिअर झाल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. त्यात पांढऱ्या मातीच्या भिंती, लाकडी तुळयांना वाळवी, आणि बोळात टेम्पो जात नाही म्हणून वाळूपासून राडारोड्यापर्यंत सगळं डोक्यावरनं, त्याची मजुरी वेगळी. पहिल्याच खेपेला हे नको. शाहूपुरीचा फ्लॅट 2019 आणि 2021 ला दोन्ही वेळा कोरडा होता असं दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांनी सांगितलं तर तो बघा, नसेल तर राजारामपुरीकडे, प्रतिभानगरकडे उंचावरचा जुना वनबीएचके शोधा, छोटा चालतोय. गल्ली कुठली ते कमेंटमध्ये लिहा, त्या बाजूला आमचे पाहुणे आहेत, विचारून सांगते.