कावळ्याचं घरटं पाडलं तर कावळे डोक्यात टपल्या मारायचे थांबतील का?

नाही. उलट वाढतील. तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरात तुमच्या पार्किंगवरच्या गुलमोहरात घरटं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यात कावळे टपल्या मारतात आणि सोसायटी ते बांबूने पाडायला निघालीय. पाडू देऊ नका. आमच्याकडे पाडलं होतं, म्हणून सांगतो.

आमचं घर पंचवटीत, गच्चीला लागून बदामाचं झाड. मे महिना. आई सकाळी कुरडया घालून आली आणि दहाच्या सुमारास उलटवायला गेली, तेव्हा मागून फडफड झाली आणि कावळ्याचे पाय डोक्याला लागले. केसांत बारीकसा ओरखडा, बाकी काही नाही. पण आई हादरली. कावळा डोक्याला शिवला की घरातलं कोणीतरी जातं, हे तिच्या मनात पक्कं. पूर्वी असं झालं की नातेवाइकांना मरणाची खोटी बातमी धाडायचे, तिकडे रडारड झाली की दोष गेला म्हणायचे. ती त्या विचारापर्यंत पोचली होती.

दादाने दुसऱ्याच दिवशी बांबू घेऊन एक माणूस आणला. मी म्हटलं, तीन आठवडे थांब, पिल्लं उडून जातील. तर म्हणाला, "तुला आईपेक्षा कावळा मोठा झाला का?" ते वाक्य मला अजून लागतं.

घरटं कोब्यावर पडलं ते खणखणत. काड्या कमी आणि तारच जास्त, हँगरची, वायरींची. मध्ये काथ्या आणि केसांची गादी. तीन पिल्लं होती. दोन जागीच गेली. तिसऱ्याला अजून पिसंही धड फुटली नव्हती. माझी सावली पडली की ते लाल तोंड उघडून मान वर करायचं, भरवायला कोणी आलं असं वाटून. संध्याकाळी तेही गेलं.

पुढे महिनाभर दादा फाटकाबाहेर पडला की दोन्ही कावळे त्याच्या मागे. खाली उभं राहून 'अजून डावीकडे' सांगणारा तोच होता. माझ्या किंवा वहिनीच्या वाटेला ते एकदाही गेले नाहीत. दादा म्हणतो योगायोग. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ या संशोधकाने 2006 मध्ये मुखवटा घालून कावळे पकडले होते. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे गोंगाट करत अंगावर यायचे. तो कावळा वेगळ्या जातीचा, पण आमच्या गल्लीत जे पाहिलं ते मला पुरेसं आहे. आणि त्या जोडीने पंधरा दिवसांत त्याच बदामावर दुसरं घरटं बांधलं. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, थेट पावसाळ्यापर्यंत. पाडून मिळवलं काय?

हाच दादा अण्णांच्या दहाव्याला रामकुंडावर हात जोडून उभा होता. पिंड ठेवून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेव्हा दादा रडत म्हणाला, "अण्णा, आईला कधी एकटं टाकणार नाही." मग एक कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. तेव्हा तो कावळा आमचे अण्णा होता. वैशाखात त्याच्या पिल्लांना बांबू. हे मी त्याला तोंडावर बोललोय, आणि आज इथेही बोलतो.

आता तुमचं. कावळा बहुधा पाठीमागूनच येतो, त्याच्याकडे बघत राहिलात तर सहसा कचरतो. गाडीपर्यंत छत्री उघडून जा, नाहीतर पार्किंगमध्येच हेल्मेट चढवा. दगड मारू नका, हातवारे करू नका. अंडी उबवायला 16-17 दिवस आणि पिल्लं उडायला पुढे तीन-चार आठवडे. पिल्लं उडायला आली की जोर सगळ्यात जास्त, म्हणजे तुमच्याकडे या त्रासाचे बहुतेक शेवटचेच दिवस चालू असतील. अंगावर पिसं असलेलं पिल्लू खाली दिसलं तर उचलून घरी नेऊ नका, आई-बाप वरच असतात. फार तर जवळच्या फांदीवर ठेवा. सोसायटी फांदीच तोडू म्हणाली, तर 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, एवढं सेक्रेटरींना सांगा.

हे सगळं कावळ्यापुरतं. घार असेल तर छत्रीवर भागवू नका, तिच्या नख्या खोल लागतात. ती वाटच काही आठवडे बंद ठेवा. रक्त आलं तर साबणाने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. घरटं विजेच्या खांबावर असेल तर आपण हात लावायचा नाही, महावितरणला कळवायचं.

आई आता कुरडया बाल्कनीत वाळवते. जुन्या साडीखाली, दोन दिवस जास्त लागतात. तेव्हाही एवढंच करायचं होतं, दादा.