दोन बोटं सनस्क्रीन, वाटाण्याएवढी ट्रेटिनॉइन

या वेळच्या पत्रांत 'चेहऱ्याला काय लावू?' असं सगळ्यांनी विचारलंय. 'किती लावू?' असं मात्र एकीनेही विचारलेलं नाही, आणि बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे. प्रश्न थोडे आटोपशीर करून दिले आहेत.

प्रश्न : वय ३४. देवगडजवळ आमची कलमं आहेत. मार्च ते मे रोज सकाळी आठ ते बारा आंबे उतरवताना बागेत उभी असते. दोन वर्षं एसपीएफ ५० लावतेय, ५० ग्रॅमची ट्यूब पाच महिने पुरवते. तरी गालांवर वांग आलंय, डोळ्यांच्या कडांना रेषा दिसतात. क्रीम बदलू का?

क्रीम बदलण्याआधी आहे ती ट्यूब लवकर संपवा. तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. पाच महिने म्हणजे साधारण १५० दिवस, म्हणजे दिवसाला ग्रॅमचा तिसरा हिस्सा. ट्यूबवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. चेहरा आणि मानेचा पुढचा भाग मिळून हे प्रमाण सव्वा ग्रॅमच्या आसपास जातं, तेही एका वेळचं. तुम्ही त्याच्या चौथाईवर आहात, त्यामुळे ट्यूबवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्याला त्यातलं फारच थोडं मिळतं.

वजनकाटा नको. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ ओढा. एवढं चेहरा आणि मानेला. सगळं एकदम फासलं की चेहरा पांढरा दिसतो, मग आपण निम्मं पुसून टाकतो. म्हणून आधी एका बोटाचं लावा, दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्याचं. कान, मानेची मागची बाजू आणि ओठांची कड हमखास सुटते. बागेत जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. दहाच्या सुमारास घाम कापडाने टिपून घ्या (चोळू नका) आणि पुन्हा तेवढंच लावा. अशाने ट्यूब वीस दिवसांत संपेल. खर्च वाढतो, हे खरं. म्हणून महागडी छोटी बाटली घेण्यापेक्षा साधी, मोठी, घामाला टिकणारी ट्यूब घ्या.

एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांचा आकडा आहे. सुरकुत्या पाडणारे यूव्हीए किरण त्वचेत खोलवर जाऊन कोलॅजन, म्हणजे त्वचेला ताठ ठेवणारं प्रथिन, तोडतात. ते ढगांतून येतात, एसटीच्या खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यासाठी वेष्टनावर 'पीए'पुढे तीन किंवा चार अधिक चिन्हं बघा. आणि वांग असेल तर साध्या पांढऱ्या क्रीमपेक्षा आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाकडे झुकणारं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, आणि तो उजेड रंगीत क्रीमच अडवतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, वांगाचा त्यांच्याशी संबंध असतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य देवगडच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा क्रीमच्या जोडीला तीन इंच काठाची टोपी हवीच. क्रिकेटची टोपी कपाळ झाकते, गाल आणि कान उघडेच राहतात. डोळ्यांच्या कडांच्या रेषा बऱ्याच अंशी उन्हात डोळे बारीक करण्याने येतात. यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल त्यावर कुठल्याही आय-क्रीमपेक्षा स्वस्त पडेल.

जाता जाता एक : देठ मोडताना उडालेला चीक गालावर बसला तर तिथला काळा डाग महिनोन्महिने राहतो. तो वांग नव्हे. चीक लागला की लगेच साबणाने धुवा.

प्रश्न : वय २६, मालवण. घरी सगळ्या जणी लिंबू-मध आणि खोबरेल तेल लावतात. रसायनांपेक्षा बरं ना?

लिंबू नको. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे चट्टे उठतात, फोड येतात, मागे तपकिरी डाग राहतो. लिंबातले काही घटक उन्हाने चेततात म्हणून हे होतं. किनाऱ्यावर लिंबू सरबत करून हात न धुता उन्हात बसलेल्यांच्या हातांवरही असे ओघळांच्या आकाराचे डाग दिसतात. खोबरेल हातापायांना उत्तम, पण ऊन अडवायच्या कामाचं नाही. आणि आपल्या दमट हवेत चेहऱ्यावर लावलं की कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात. भेगाळलेल्या टाचांना मात्र भिरंडेलाला (कोकमाच्या बियांच्या तेलाला) तोड नाही.

प्रश्न : वय ३७, रत्नागिरी. सुरकुत्यांसाठी मेडिकलमधून ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन जेल आणून रोज रात्री लावलं. आठव्या दिवशी चेहरा लाल, सालं निघतायत, साधं पाणीही झोंबतं. हे मला सोसत नाही का?

सोसेल. तुम्ही सुरुवात फार वरून केलीत. लवकर येणाऱ्या सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत ट्रेटिनॉइनइतका दीर्घ अनुभव क्वचितच दुसऱ्या कशाचा असेल. पण ते आधी वरचा मृत थर पातळ करतं, आणि खाली नवं कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात. त्रास पहिल्या आठवड्यात, फायदा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. मधल्या काळात बहुतेक जणी ट्यूब फेकून देतात.

आता सगळं थांबवा. सालं जाऊन झोंबणं पूर्ण थांबेपर्यंत साधा सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर एवढंच. मग डॉक्टरांकडून ०.०२५ टक्क्यांचं क्रीम लिहून घ्या. दमट हवेत क्रीम चिकट वाटतं म्हणून आपल्याकडे जेल घेतात, पण कोरड्या-नाजूक त्वचेला जेल जास्त झोंबतं.

रात्री चेहरा धुऊन टिपा आणि वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत औषध जास्त मुरतं आणि जास्त पोळतं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्यांची कड इथे व्हॅसलिन लावून ठेवा, पहिली सालं तिथूनच निघतात. मग आधी मॉइश्चरायझर, त्यावर ट्रेटिनॉइन. वाटाण्याएवढं, तेही अख्ख्या चेहऱ्याला. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरवा. सनस्क्रीन कमी पडतं आणि हे जास्त होतं, अशी उलटी गंमत नेहमी दिसते. पहिले तीन आठवडे फक्त सोमवार आणि गुरुवार. सोसलं तर एक दिवसाआड.

त्या रात्री ग्लायकॉलिक अॅसिडवाला फेसवॉश किंवा स्क्रब नको. व्हिटॅमिन सी वापरत असाल तर सकाळी. त्याचा द्रव गडद चहासारखा तपकिरी झाला असेल तर बाटली टाकून द्या, त्यात काही उरलेलं नाही. वरच्या ओठाचं वॅक्सिंग करायचं असेल तर आठवडाभर आधी ट्रेटिनॉइन बंद, नाहीतर केसांबरोबर कातडीही निघते. गरोदर असाल किंवा दिवस राहावेत असा विचार असेल तर हे औषध अजिबात नाही.

प्रश्न : वय ३१, कणकवली. पार्लरमधून मिळालेल्या बिनलेबलच्या डबीतलं क्रीम लावून पंधरा दिवसांत चेहरा उजळला, रेषाही कमी वाटल्या. दोन दिवस नाही लावलं तर आग होते, लाल होतं. सोडू कसं?

पंधरा दिवसांत उजळणं आणि थांबवताच आग होणं, ही स्टेरॉइडची चाहूल आहे. नावं लक्षात ठेवा : बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत, गोरेपणाची क्रीमं नव्हेत. सुरुवातीला सूज दबते म्हणून चेहरा गुळगुळीत दिसतो, पण महिन्यांत कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, मुरुमं आणि लव वाढते. म्हातारपण लांबवायला लावलेलं क्रीम तेच जवळ आणतं. काही बिनलेबलच्या डब्यांत पारा असतो. तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. पायांवर, डोळ्यांखाली सूज किंवा फेसाळ लघवी होत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करा.

घरच्या घरी दुसरं काही लावून सोडवायला जाऊ नका. डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती टाकून देऊ नका. एकदम बंद करायचं की हळूहळू उतरवायचं हे किती दिवस लावलंय त्यावर ठरतं, आणि मधले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. तो काळ काढावाच लागतो.

प्रश्न : वय २९, चिपळूण. भुवया उंचावल्या की कपाळावर आडव्या रेषा येतात. मुंबईच्या मैत्रिणी म्हणतात आत्ताच बोटॉक्स घे, म्हणजे पुढे पडणार नाहीत. घेऊ?

खिडकीशी आरसा घेऊन बसा. भुवया उंचवा, मग चेहरा पूर्ण सैल सोडा. रेषा पुसली गेली तर ती नुसती स्नायूची घडी आहे, घाई नाही. सैल चेहऱ्यावरही रेघ उरत असेल तर विचार करायला हरकत नाही.

बोटॉक्स मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतं. परिणाम तीन ते पाच दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो, म्हणजे 'एकदा घेऊन टाकू' असं काही नसतं. भुवयांमधल्या उभ्या रेषांसाठी नेहमीचं प्रमाण पाच ठिकाणी मिळून २० युनिट. कपाळाच्या आडव्या रेषांना जपून द्यावं लागतं. तोच स्नायू भुवया वर धरतो, जास्त सैलावला की भुवया खाली येतात. औषध खाली पापणीच्या स्नायूपर्यंत पसरलं तर पापणी लटकते. काही आठवड्यांत ती सुधारते, पण तोवरचे फोटो राहतात.

क्लिनिकमध्ये चार गोष्टी विचारा. इंजेक्शन देणारे त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का? कुपी तुमच्यासमोर काढतात का, आणि ती २ ते ८ अंशांत ठेवलेली होती का? बिलावर कंपनीचं नाव आणि युनिट लिहितात का? एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाएवढं नसतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरत नाही. नंतर चार तास आडवं होऊ नका, त्या दिवशी कपाळ चोळू नका, फेशियल नको. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना किंवा मायस्थेनिया (स्नायू कमजोर करणारा आजार) असेल तर घ्यायचंच नाही.

फिलर, म्हणजे खळगे भरून काढायचं इंजेक्शन, ही वेगळी गोष्ट आहे. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, डोळा जाऊ शकतो. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज जिथे हाताशी ठेवलेलं नाही, तिथे ते घेऊ नका.

प्रश्न : भावाचं लग्न २० मेला, गुहागरला. आठ दिवस आधी केमिकल पील केलं तर चालेल?

नाही. पील म्हणजे अॅसिडने त्वचेचा वरचा थर काढणं. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर ते जरा जोरात बसलं की काळे डाग पडतात, आणि मे महिन्याच्या उन्हात ते अधिकच गडद होतात. पील करायचंच तर पावसाळ्यानंतर, हलक्या लॅक्टिक किंवा मँडेलिक अॅसिडने सुरुवात करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. लग्नाआधी नवं काहीही नको, फेशियलसुद्धा ओळखीचंच.

प्रश्न : कोलॅजनची पावडर पाण्यातून घ्यावी का? वय ४१, अलिबाग.

पोटात गेलं की तिचे तुकडे होतात, ते थेट गालावर जाऊन बसत नाहीत. फायदा दाखवणाऱ्या बऱ्याच अभ्यासांमागे पावडर विकणाऱ्यांचाच पैसा आहे. त्या पैशांत दर महिन्याला सनस्क्रीनच्या दोन ट्यूब येतील. प्रथिनं हवीत तर बाजारात बांगडा आहेच.