मॅट्रिक्समधलं झायनसुद्धा सिम्युलेशनच आहे का? स्मिथच खरा ‘द वन’ आहे का?

‘मॅट्रिक्स’ चित्रपटांत यंत्रं माणसांना मॅट्रिक्स नावाच्या आभासी जगात, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, अडकवून ठेवतात. त्याबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नायक निओ ज्याला खरं जग समजतो ते झायन, सुटलेल्या माणसांचं शहर, म्हणजे सिम्युलेशनचाच दुसरा थर आहे का, आणि भविष्यवाणीतला तारणहार ‘द वन’ निओ नसून मॅट्रिक्सची राखण करणारा प्रोग्रॅम एजंट स्मिथ आहे या थिअरीत किती दम आहे. माझ्या मते पहिली टिकत नाही आणि दुसरी अर्धी टिकते. पुढे चारही चित्रपटांचे शेवट येणार आहेत, तेव्हा पाहिले नसतील तर आधी पाहून घ्या.

झायनची थिअरी उगाच निर्माण झालेली नाही. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या शेवटी निओ मॅट्रिक्सच्या बाहेर, जहाज गमावल्यावर, नुसता हात पुढे करून सेंटिनेल, म्हणजे यंत्रांचे शिकारी रोबो, बंद पाडतो. त्याच भागात स्मिथ बेन नावाच्या माणसाच्या शरीरात शिरून खऱ्या जगात येतो. तिसऱ्या भागात डोळे गेल्यावरही निओला दिसतं. खऱ्या जगात असं होऊच शकत नाही, म्हणजे ते जग खरं नाही, असा हा तर्क. त्याला मॅट्रिक्स रचणाऱ्या आर्किटेक्ट या प्रोग्रॅमचा आधार जोडला जातो. निवडीची संधी दिली की जवळजवळ ९९ टक्के लोक मॅट्रिक्स स्वीकारतात, असं तो सांगतो. मग उरलेल्या एक टक्क्यासाठी ‘बंडखोरीचं सिम्युलेशन’ बांधून ठेवणं यंत्रांना सोयीचंच नाही का?

ऐकायला हे चोख वाटतं, पण तिन्ही पुराव्यांना चित्रपटातच दुसरं उत्तर आहे. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीचा दवाखान्यातला प्रसंग पुन्हा बघा. बेशुद्ध निओचे मेंदूचे पॅटर्न कोमातल्या माणसासारखे नाहीत, प्लग लावून मॅट्रिक्समध्ये गेलेल्या माणसासारखे आहेत, असं तिथली डॉक्टर सांगते. म्हणजे निओ तारेशिवाय यंत्रांच्या जाळ्याशी जोडला गेलेला आहे. भविष्य सांगणारी ऑरॅकल, तीही एक प्रोग्रॅमच, पुढे तेच सांगते: ‘द वन’ची ताकद या जगापुरती नाही, ती जिथून आली त्या सोर्सपर्यंत, म्हणजे यंत्रांच्या मूळ केंद्रापर्यंत, पोचते. सेंटिनेल त्याच सोर्सशी जोडलेले, म्हणून ते बंद पडतात. निओच्या अंगात पॉडमध्ये (यंत्रं माणसांना वाढवतात त्या कुपीत) बसवलेले प्लग आणि हार्डवेअर अजूनही आहेत, हे लक्षात घेतलं की यात चमत्कार फारसा उरत नाही.

बेनचं कोडं तर पहिल्याच भागात सुटलेलं आहे. निओच्या डोक्यात काही तासांत कुंगफू भरता येतं, म्हणजे बाहेरून मेंदूत लिहिता येतं. कौशल्य लिहिता येत असेल तर अख्खं व्यक्तिमत्त्वही लिहिता येईल. स्मिथ मॅट्रिक्समध्ये बेनवर स्वतःची कॉपी चढवतो, ती फोनच्या मार्गानं बाहेर पडते आणि शरीरात जाऊन बसते. त्यासाठी झायन खोटं असण्याची गरज नाही.

मला सगळ्यात निर्णायक वाटतो तो आंधळ्या निओचा भाग. त्याला नेमकं काय दिसतं ते बारकाईनं बघा. बेनच्या आतला स्मिथ दिसतो, यंत्रनगरी सोनेरी प्रकाशात दिसते. जहाज कोसळल्यावर जवळच पडलेली त्याची प्रेयसी ट्रिनिटी मात्र दिसत नाही, तिला हातानं चाचपून शोधावं लागतं. पहिल्या भागाच्या शेवटी त्याला कॉरिडॉर, भिंती, एजंट सगळं कोडमध्ये दिसलं होतं. झायनचं जगही कोडच असतं तर ट्रिनिटीही तशीच दिसायला हवी होती. दिसतात ती फक्त यंत्रं आणि प्रोग्रॅम.

शिवाय तिसऱ्या भागाचा शेवटचा संवाद आहे. ऑरॅकल आर्किटेक्टला विचारते, ज्यांना बाहेर पडायचंय त्यांचं काय? त्यांना सोडलं जाईल, असं तो सांगतो. तिथे फसवण्यासारखा एकही माणूस हजर नाही. दोन प्रोग्रॅम आपसांत बोलताना ‘बाहेर’ म्हणतात तेव्हा तो बाहेरच असणार. यावरही कोणी म्हणालं की यंत्रनगरीही खोटी, तो संवादही देखावा, तर ती थिअरी कुठल्याच दृश्यानं खोटी ठरू शकणार नाही. अशा थिअरीवर वेळ घालवू नये.

रंगांवरून वाद घालणाऱ्यांना एक सावधगिरी सांगतो. मॅट्रिक्समध्ये हिरवट छटा आणि बाहेर निळसर, हे ढोबळमानानं खरं आहे. पण पहिल्या भागाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत हिरवा रंग कमीजास्त आहे. १९९९ च्या मूळ प्रिंटमध्ये तो सौम्य होता, नंतरच्या डिस्कवर गडद केला गेला आणि २०१८ च्या फोरके आवृत्तीत पुन्हा मूळच्या जवळ आणला गेला. त्यामुळे एखाद्या फ्रेमचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. तो कुठल्या आवृत्तीतला आहे ते आधी विचारा.

आता स्मिथ. ही थिअरी मला मनापासून आवडते, कारण ती निओचा गुरू मॉर्फियस याचे ‘द वन’बद्दलचे शब्द शब्दशः घेते. मॅट्रिक्सच्या आत जन्मलेला, हवं ते बदलू शकणारा: हे वर्णन निओपेक्षा स्मिथला जास्त लागू पडतं. निओ पॉडमध्ये वाढला, स्मिथ मात्र खरोखर आतलाच. तिसऱ्या भागात तो अख्खं मॅट्रिक्स स्वतःच्या रूपात बदलून टाकतो आणि युद्ध संपतं ते त्याच्या नाशानं. दुसऱ्या भागात त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर आयएस ५४१६ आहे. तो बायबलमधल्या यशयाच्या ५४ व्या अध्यायातल्या १६ व्या ओवीकडे इशारा आहे, जिथे देव म्हणतो की लोहाराला मीच निर्माण केलं, आणि इंग्रजीत लोहार म्हणजे स्मिथ.

मग अडतं कुठे? मॉर्फियसच्या त्याच वाक्याच्या पुढच्या भागावर. त्या माणसानं पहिल्यांदा लोकांना मुक्त केलं, असं तो सांगतो. स्मिथ कोणालाच मुक्त करत नाही. आर्किटेक्टचं गणितही जुळत नाही. निओच्या आधी पाच जण त्याच्या खोलीत येऊन गेले, प्रत्येकाकडे सोर्सला परत द्यायचा कोड होता, आणि झायन पुन्हा वसवण्यासाठी १६ स्त्रिया आणि ७ पुरुष निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. ती भूमिका स्मिथची नाही. पण ऑरॅकल स्मिथला निओचा विरुद्ध ध्रुव म्हणते, समीकरण स्वतःला समतोल करू पाहतंय त्याचं फळ. म्हणून अर्धी टिकते असं म्हटलं: भविष्यवाणी पूर्ण व्हायला दोघंही लागतात, एकट्या निओनं ती पूर्ण होत नाही.

अशीच तपासणी दुसऱ्या भागातल्या मेरोव्हिंजियन या जुन्या प्रोग्रॅमवर करा. तो जुना ‘द वन’ आहे असं अनेक जण मानतात, कारण त्याची बायको पर्सेफनी निओला सांगते की पूर्वी तोही तुझ्यासारखा होता. पण थोड्याच वेळानं तो स्वतः निओला बजावतो: तुझ्या आधीच्यांना मी पुरून उरलो, तुलाही उरेन. तो स्वतःला त्या यादीत धरत नाही. थिअरी तिथेच संपते.

यंत्रांसाठी माणसं ऊर्जा देणारी बॅटरी नसून प्रोसेसर आहेत, ही थिअरी विज्ञानाच्या बाजूनं बरोबर आणि चित्रपटाच्या बाजूनं कच्ची. मॉर्फियस शरीराच्या उष्णतेचा आकडा २५,००० बीटीयूहून (बीटीयू हे उष्णतेचं एकक) जास्त सांगतो, पण किती वेळात ते सांगत नाही. विश्रांतीत माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे तेवढी ऊर्जा बाहेर पडायला तीन दिवस लागतील. आणि ती सगळी अन्नातून आलेली, त्यामुळे खाऊ घातलं त्याहून जास्त हाती येणं शक्यच नाही. एजंट कोणत्याही जोडलेल्या माणसाचा ताबा घेऊ शकतात, हा प्रोसेसरवाल्यांचा चांगला मुद्दा. तरी २०२१ चा चौथा भाग ऊर्जेच्याच बाजूनं उभा राहतो. तिथे ऊर्जेच्या टंचाईमुळे यंत्रं आपसांत लढतात, आणि निओ-ट्रिनिटीला जवळ पण वेगळं ठेवून नवं मॅट्रिक्स चालवणारा अ‍ॅनालिस्ट जास्त ऊर्जा मिळवतो.

स्वतः थिअरी तपासायची असेल तर प्रत्येक पुराव्यापुढे तो कोण बोलला हे लिहा. मॉर्फियस मनापासून बोलतो, पण त्याची माहिती ऐकीव आहे. साल २१९९ च्या आसपासचं असेल हा त्याचाच अंदाज, आणि मॅट्रिक्स निओला वाटतं त्याहून जुनं आहे, ही सहावी आवृत्ती, असं आर्किटेक्ट सांगतो. ऑरॅकल समोरच्याला गरजेपुरतं सांगते. आर्किटेक्ट भावना दाबतो, आकडे नाही. चाहत्यांची बहुतेक भांडणं मॉर्फियसचं वाक्य अंतिम सत्य मानल्यामुळे होतात.

तुम्ही विचारली नाहीत, पण मला सगळ्यात भक्कम वाटते ती ऑरॅकलची थिअरी: तिनं स्मिथला आपल्यावर कॉपी चढवू दिली, ती मुद्दाम. शेवटच्या लढतीत स्मिथच्या तोंडून अचानक तिचंच वाक्य निघतं, ज्याला सुरुवात आहे त्याला शेवट आहे. तो स्वतःच गोंधळतो, आणि निओला मात्र तिथेच कळतं की आता लढणं थांबवायचं. स्मिथ नष्ट झाल्यावर त्या खड्ड्यात पडलेली असते ती ऑरॅकल. म्हणजे आतून खूण करणारी तीच होती. विरोधात एकच गोष्ट जाते: तुला हे सगळं आधीपासून माहीत होतं का, असं तिचा रक्षक सेराफ विचारतो तेव्हा ती नाही म्हणते, फक्त विश्वास होता असं सांगते. मला ते थिअरीच्या विरोधात वाटत नाही. परिणाम माहीत नसताना तिनं दार उघडं ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि थिअरीला तेवढं पुरतं.