'तारण साधून घ्या' : इथलं 'साधून घेणे' कुठल्या अर्थाचं?

प्रश्न असा आहे : बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात (अध्याय २, वचन १२) "भीत व कापत आपले तारण साधून घ्या" असं वाक्य येतं. 'साधून घेणे' म्हटलं की संधी साधून घेणे, कार्यभाग साधून घेणे असलेच प्रयोग आठवतात. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होतं असं मंडळीत (चर्चमध्ये) शिकवतात, मग ते 'साधून' कसं घ्यायचं? इथे 'मिळवा' असं म्हणायचं आहे का?

'मिळवा' असं नक्कीच म्हणायचं नाही. इफिसकरांस पत्रात तोच पौल तारण कृपेने झालेलं आहे, ते देवाचं दान आहे, असं स्वच्छ सांगतो. शिवाय हे पत्र ज्यांना लिहिलं ते फिलिप्पै शहरातले वाचक आधीच विश्वासात आलेले आहेत. जे त्यांचं झालंच आहे, ते जगण्यात उतरवायला तो सांगतो आहे. (सोनेतारणातलं 'तारण' इथे मनात आणू नये. हे तरून जाण्याशी नातं असलेलं तारण.)

आता 'साधणे'. कार्यभाग साधणे हा त्याचा एक कोपरा झाला. मुहूर्त साधतो, संवाद साधतो, मेळ साधतो, यांत स्वार्थ कुठे आहे? या क्रियापदाची खरी गंमत त्याच्या दोन प्रयोगांत आहे. "तिने सूर साधला" म्हटलं की कर्ती ती. "तिला सूर साधला" म्हटलं की सूरच कर्ता होतो आणि तो तिच्याकडे येतो. दुसऱ्या वाक्यामागेही वर्षांचा रियाज असतो, पण सूर साधला तो केवळ आपल्या बळावर, असं ती गाणारी स्वतःही म्हणणार नाही. श्रम आणि देणगी एकाच वेळी बोलून दाखवणारं असं क्रियापद हाताशी असताना भाषांतरकारांनी ते इथे वापरलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून मोलाचं पुढच्या ओळीत आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा वाचायची राहते. बारावं वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर जातं, तेरावं मागे राहतं. तिथे म्हटलं आहे की इच्छा करणे आणि कृती करणे ही तुमच्या ठायी "साधून देणारा तो देव आहे". वर 'साधून घ्या', खाली 'साधून देणारा'. धातू तोच, फक्त सहायक क्रियापद बदललं. मराठीत 'करून घे' आणि 'करून दे' यांत जो फरक, तोच इथे. देणारा असल्याशिवाय घेणं नाही, आणि हात पुढे केल्याशिवायही घेणं नाही. मूळ ग्रीकमध्येही दोन्ही क्रियापदं 'एर्गोन' म्हणजे काम या शब्दाच्या कुळातली आहेत. मराठीने ते नातं राखलं आणि वर 'घेणे-देणे' ही जोडी स्वतःची घातली.

दोन वचनांना जोडणारा शब्द आहे 'कारण'. पौल 'परंतु' म्हणत नाही. निम्मं तुम्ही करा, उरलेलं देव करील, अशी वाटणी यात नाही. देव आत काम करतो आहे, म्हणून तुम्ही कामाला लागा, असा क्रम आहे. हरी खाटल्यावर देईल म्हणून स्वस्थ बसणाऱ्याला इथे जागा नाही, आणि उपवास-प्रार्थनांचा हिशेब देवापुढे मांडणाऱ्यालाही नाही. 'भीत व कापत' तेवढ्यासाठीच : आत प्रत्यक्ष देव काम करत असेल तर निष्काळजी राहता येत नाही.

'घ्या' हे एखाद्याला आदराने म्हटलेलं वाटू शकतं. ते खरं अनेकवचन आहे. सगळ्या मंडळीला उद्देशून आहे, म्हणून यातला प्रयत्न एकट्याने खोलीत बसून संपत नाही. लगेच चौदाव्या वचनात कुरकुर आणि वादविवाद न करता सर्व काही करा असं येतं, आणि चौथ्या अध्यायात त्याच मंडळीतल्या युवदीया व सुंतुखे या दोघींना एकचित्त होण्याची विनंती येते. साधून घ्यायचं ते इतकं रोजचं आहे.

तेव्हा शास्त्रपाठात 'साधून घ्या' बदलून 'साध्य करा' किंवा 'पूर्ण करा' असं सुचवू नये. अर्थ कदाचित चटकन कळेल, पण तेराव्या वचनातला 'साधून देणारा' एकटा पडेल.