कॉलेजांची यादी करण्याआधी घरातल्या अटी सांगा

“मुलगी अकरावीत आहे. आम्ही आत्तापासूनच कॉलेजांची माहिती काढायला लागलो आहोत, पण ती त्यात लक्षच घालत नाही. विषय काढला की चिडते, नाहीतर ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून उठून जाते. आम्ही फार लवकर मागे लागलो का?” अकरावीची दिवाळी उलटली की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणारे पालक वाढतात, आणि मुलगा असो की मुलगी, प्रश्नाचे शब्द फारसे बदलत नाहीत. अशा वेळी मी सहसा एका कुटुंबाची हकिगत सांगते. त्यांच्या संमतीने ती इथे लिहीत आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब तासगाव तालुक्यातले. वडील पतसंस्थेत नोकरीला, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी, थोरला मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, आणि धाकटी सांगलीत अकरावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय घेतलेली. पहिल्या भेटीला वडिलांनी एक तक्ता आणला होता. लीगल आकाराच्या कागदांवर छापलेला तो तक्ता मी नीट वाचला. कॉलेजचे नाव, शाखा, मागच्या वर्षांचे कटऑफ पर्सेंटाईल, वार्षिक फी, ‘हायेस्ट पॅकेज’, घरापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये. मुलीच्या आवाक्यात असलेल्या रांगा हिरव्या आणि कठीण वाटणाऱ्या पिवळ्या. पतसंस्थेतले काम आटोपल्यावर रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी तो केला होता, आणि त्या मेहनतीमागची माया कोणालाही दिसली असती. शेवटचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा होता. त्याच्या माथ्यावर लिहिले होते, ‘तिचे मत’.

मुलीशी मी एकटीशी बोलले. जे बोलणे होईल त्यातले आईवडिलांना काय सांगायचे हे तीच ठरवेल, असे तिच्यासमोरच त्यांच्याकडून कबूल करून घेतले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाबांनी एवढं सगळं केलंय. त्या तक्त्यात जे नाहीच, ते मी कुठल्या तोंडाने सांगू?” तक्त्यात नव्हते ते हे: तिच्या चुलत्यांची द्राक्षबाग आहे, आणि ऑक्टोबर छाटणीनंतरच्या अवकाळी पावसात त्या बागेतले घड डाऊनी या बुरशीजन्य रोगाने जाताना तिने पाहिले होते. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी. तशी पाने वहीत घालून तिने कॉलेजात नेली आणि सरांची परवानगी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. भुरी हा द्राक्षावरचा दुसरा रोग आणि डाऊनी यांतला फरक तिने मला इतका नेमका समजावून सांगितला की करिअरबद्दल उदासीन असलेली मुलगी ती ही नव्हे, याची मला खात्री पटली. गावात कार्यानुभवासाठी राहायला आलेल्या कृषिकन्यांकडून, म्हणजे कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींकडून, तिने त्यांच्या अभ्यासक्रमाची माहितीही काढून ठेवली होती.

मग घरी का सांगितले नाही? कारण तिने काही गोष्टी धरून चालल्या होत्या. दादाच्या शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, तेव्हा आपल्या हॉस्टेलला पैसे नसणार. आई आपल्याला सांगलीच्या पलीकडे राहू देणार नाही. आणि शेतीचे शिक्षण म्हटले की बाबा दुखावतील. यातले एकही वाक्य घरात कोणी तिला उद्देशून बोललेले नव्हते. हप्त्याविषयी फोनवर चाललेले बोलणे, नात्यातल्या एका मुलीच्या हॉस्टेलबद्दल आईने काढलेले उद्गार, अशा कानावर पडलेल्या तुकड्यांवरून तिने घरातले नियम स्वतःच तयार केले होते आणि ती मुकाट्याने ते पाळत होती.

माझ्या कामात मला हे फार वेळा दिसते, आणि म्हणूनच मी आग्रहाने सांगते की अकरावीत पालकांनी करायची पहिली गोष्ट म्हणजे आपल्या अटी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगणे. पैसे किती आहेत, किती लांब पाठवण्याची तयारी आहे, कर्ज काढायचे की नाही, कोणत्या गोष्टीला आपला ठाम नकार आहे. “तू फक्त अभ्यास कर, बाकीचे आम्ही बघतो,” हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्यामुळे मुलांना अंदाज बांधावे लागतात, आणि मुलांचे अंदाज बहुधा वस्तुस्थितीपेक्षा कडक असतात. काही घरांत ते उलटेही निघतात. कितीही फी असली तरी बाबा भरतील अशी समजूत बारावीच्या निकालापर्यंत टिकते आणि ऐन प्रवेशाच्या वेळी सगळ्यांनाच त्रास होतो.

पुढच्या बैठकीच्या आधी मी मुलीला विचारले की घरच्यांसमोर यातले काय काढायचे. ती म्हणाली, “शेतीचं मी सांगते. पैशाचं तुम्ही विचारा.”

तसेच केले. हॉस्टेल आणि मेस धरून वर्षाला किती खर्च झेपेल, असे मी वडिलांना विचारले, तेव्हा ते चमकले. “मॅडम, तिच्यासमोर पैशाचं कशाला? पोरीच्या डोक्यावर ओझं नको.” ओझे तिच्या डोक्यावर आधीपासूनच आहे आणि आकडा कळला तर ते निदान मोजता येईल, असे मी म्हटले. त्यांनी तक्त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर थोरल्याचा हप्ता, घरखर्च, भिशी अशी आकडेमोड केली आणि खाली लिहिले, सव्वा लाख. मुलगी त्या आकड्याकडे पाहत राहिली. तिच्या मनातला आकडा यापेक्षा पुष्कळ लहान होता. आईची अटही तिच्या कल्पनेपेक्षा वेगळी निघाली. आई म्हणाली, “वसतिगृह कॉलेजच्या आवारात असेल आणि जेवणाची सोय तिथंच असेल, तर पुण्यापर्यंत माझी ना नाही. राज्याबाहेर मात्र पहिल्या पदवीला नको.” राज्याबाहेरच्या अटीवर मी वाद घातला नाही. उघडपणे सांगितलेल्या अटीवर पुढे कधीही बोलता येते.

शेतीचा विषय जड गेला. वडील म्हणाले, “शेतीतून बाहेर पडायला मी माझी उमेदीची वर्षं घालवली.” त्या वाक्यात खरे दुःख होते, आणि ते मुलीनेही ऐकणे आवश्यक होते. मी त्यांना फक्त माहिती दिली. बीएस्सी कृषी ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. पुणे आणि कोल्हापूर येथील शासकीय कृषी महाविद्यालये राहुरीच्या विद्यापीठाखाली येतात. वनस्पती रोगशास्त्र हा त्यातला स्वतंत्र विषय आहे, त्यात पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन करता येते, आणि द्राक्षावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्याजवळ मांजरीलाच आहे. राज्याच्या कृषी सेवेच्या परीक्षा आहेत, राष्ट्रीयीकृत बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी या पदांसाठी वेगळी भरती होते. बँकेचे नाव निघाल्यावर वडिलांनी वही काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. ते तेवढ्याने राजी झाले असे मात्र नाही, आणि त्या दिवशी त्यांनी राजी व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

त्यानंतर कामाची वाटणी केली. अभ्यासक्रम शोधणे, वाचणे, विद्यार्थ्यांशी बोलणे हे मुलीचे. पैसे, प्रवास आणि कागदपत्रे हे पालकांचे. शोध आपण घ्यायचा आणि दाखले ऐनवेळी मुलांना रांगेत उभे करून काढायचे, अशी उलटी वाटणी अनेक घरांत असते. या कुटुंबाला इतर मागासवर्गाचे आरक्षण लागू होते. व्यावसायिक अभ्यासक्रमात आरक्षित जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळायला काही महिने लागू शकतात. त्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा द्यावा लागतो. वडिलांनी आजोबांच्या गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन जुने जनरल रजिस्टर काढायला लावले. कडा झिजलेल्या पानांवर त्यांच्या वडिलांचे नाव सापडले, पण आडनावाच्या जागी भावकीत चालणारे दुसरेच नाव होते, त्यामुळे आणखी एक कागद शोधावा लागला. हे सगळे अकरावीत घडले म्हणून शांतपणे निभावले. बारावीच्या निकालानंतर हेच शोधायची वेळ आलेली कुटुंबे मी रडकुंडीला आलेली पाहिली आहेत. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांचे वेळापत्रकही त्यांनी तेव्हाच आखले. पतसंस्थेतल्या माणसाला हे काम छान जमले, आणि कटऑफची आकडेमोड करण्यापेक्षा इथे आपला जास्त उपयोग होतो आहे हे त्यांचे त्यांनाच जाणवले.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती लागू नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च राहतोच, पण सव्वा लाखाचा अर्थ या माहितीने पार बदलला. मुलीच्या शिक्षणाचा खर्च झेपणार नाही असे धरून बसलेल्या प्रत्येक घराने हा निर्णय आधी वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

मुलीने तिच्या बाजूने काम सुरू केले. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा गणिताच्या गटातून आणि जीवशास्त्राच्या गटातून अशी दोन्हींतून देता येते, तेव्हा दोन्हींपैकी कोणताही विषय आत्ताच सोडायची गरज नाही, हे तिने शोधून काढले. त्या परीक्षेत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणजे या वर्षाचा अभ्यासही वाया जात नाही. कृषीबरोबर सूक्ष्मजीवशास्त्राची साधी बीएस्सी आणि पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेची पाच वर्षांची पदवी हेही पर्याय तिने लिहिले. आयसरसाठी वेगळी अभिक्षमता चाचणी असते आणि त्यात गणितासह चारही विषयांचे प्रश्न असतात, असे तिच्या टिपणात होते. प्रत्येक ठिकाणची पहिल्या वर्षाची विषयांची यादी तिने वाचली. हे काम पालकांनी करून उपयोग नसतो, कारण त्या यादीत कोणत्या विषयापाशी मुलाचे डोळे थांबतात हे पाहण्यासाठीच ती वाचायची असते.

मग आई आणि मुलगी एका साध्या कामाच्या दिवशी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात जाऊन आल्या. प्रदर्शन किंवा स्वागत समारंभ असलेल्या दिवशी कॉलेज पाहू नये, असे माझे मत आहे. प्रात्यक्षिके ठरल्याप्रमाणे होतात का, शिकवायला कायमचे प्राध्यापक किती आहेत, मागच्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज काय करतात, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावे. आईने वसतिगृहातल्या मुलींना पाण्याचे आणि रात्रीच्या वेळेच्या नियमांचे विचारले. परत आल्यावर हॉस्टेलबद्दल वडिलांच्या शंकांना आईच उत्तरे द्यायला लागली.

इंजिनिअरिंगच्या रांगा वडिलांनी पुसल्या नाहीत, आणि पुसायला मी सांगितलेही नाही. त्यातला ‘हायेस्ट पॅकेज’चा रकाना मात्र काढून टाकायला सांगितला. एका विद्यार्थ्याला मिळालेल्या पगारावरून बाकीच्यांचे काही कळत नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी संस्था जी माहिती सादर करतात, तीत मध्यम पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळतो तो) आणि नोकरी मिळालेल्यांची संख्या असते. खासगी कॉलेजची मंजूर फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडे पाहता येते. आणि एनबीए या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन त्या विशिष्ट शाखेला आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. एवढे केल्यावर तक्ता निम्म्याहून लहान झाला.

घरातल्या बोलण्यालाही त्यांनी वेळ ठरवून घेतली: रविवारी रात्री जेवणानंतर अर्धा तास, आणि एरवी हा विषय बंद. जेवताना, गाडीवर मागे बसवून सोडताना, पाहुण्यांसमोर, असा कुठेही प्रश्न निघायचा तो थांबल्यावर तिची चिडचिड पुष्कळ कमी झाली, असे आईने मला सांगितले. मुलगी आता बारावीत आहे. दोन्ही गटांची तयारी करते आहे आणि कृषीला पहिली पसंती देण्यावर ठाम आहे. वडिलांना अजूनही अधूनमधून कॉम्प्युटर शाखेची आठवण होते. ती ते रविवारी बोलून दाखवतात, आणि मुलगी ऐकून घेते.

ज्यांच्या मुलाला खरोखरच काही सुचत नाही, असे पालक यावर विचारतात की आमच्याकडे ना द्राक्षबाग ना सूक्ष्मदर्शक, आम्ही काय करायचे. त्यांनीही सुरुवात अटींपासूनच करावी. त्यानंतर मुलाला काय आवडते असे विचारण्याऐवजी कोणता विषय चार वर्षे मुळीच नको आहे ते विचारावे, कारण नावडते सांगणे या वयात सोपे असते. राहिलेल्यांपैकी दोन-तीन अभ्यासक्रमांची विषयांची यादी त्याला वाचायला द्यावी, त्यातला एक शिकणाऱ्या ओळखीच्या विद्यार्थ्याशी त्याला एकट्याला बोलू द्यावे, आणि तोवर आपण दाखल्यांच्या मागे लागावे. कॅपचा ऑप्शन फॉर्म सीईटी आणि बारावी या दोन्हींच्या निकालांनंतर भरायचा असतो. अकरावीतल्या मुलाच्या हातात अजून पुरेसा वेळ आहे.